अण्णांची गरम पाण्याची लाईन

आधीच सांगून टाकतो, या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे आणि आजवर इथे फक्त टर उडवली आहे. कुणाला विहिरीवर बाई दिसली, कुणाला घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा भेटला... की खाली माझी कमेंट ठरलेली, "जेवण हलकं ठेवत जा." बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यांनी आज हवं तेवढं हसून घ्यावं, मी उलट उत्तर देणार नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं म्हणत अठ्ठावीस वर्षं पगार घेतला. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. आमच्या घरात जे चाललंय त्याला भूत म्हणायचं का, हेही मला कळत नाही.

घर म्हसरूळला. खाली तीन खोल्या, वर दोन, गच्चीवर सोलर. घरात मी, बायको वैशाली, तेव्हा बारावीला असलेली मुलगी सई आणि माझे वडील, अण्णा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. अण्णा खालच्या मागच्या खोलीत राहायचे, तिथेच लागून त्यांचं बाथरूम. सोलरचं गरम पाणी गच्चीवरून भिंतीतून खाली येतं, आणि तिथून एक फाटा फरशीखालच्या सिमेंटच्या कोब्यात गाडलेल्या पाइपातून अण्णांच्या बाथरूमला जातो. जायचा, म्हणजे.

अण्णांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ते पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. पंचवटीतल्या कितीतरी गल्ल्यांचं पाणी पहाटे त्यांच्या किल्लीने सुटायचं. त्यांच्याकडे हातभर लांब एक लोखंडी सळई होती. तिचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला. तेवढ्यावर ते सांगायचे, पाणी कुठे चाललंय, किती चाललंय, कुठे गळतंय. रिटायर झाल्यावरही ती सळई त्यांच्या खोलीत दाराआड उभी असायची. लहानपणी मी शाळेला दांडी मारून नदीवर गेलो तरी मार चुकवू शकायचो, पण अंघोळ न करता "केली" म्हटलं की लगेच पकडला जायचो. ते म्हणायचे, "पाणी वाजलं नाही रे."

तर, अण्णांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. डावा हात लुळा, चालणं भिंतीला धरून. अंघोळीला बसले की स्टुलावर बसून गरम नळ सोडायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. बादली भरून वाहायची, मोरीतून वाफाळलेलं पाणी वाहून जायचं, यांचं आपलं चालूच. म्हणायचे, "सांधे मोकळे होतात." सांधे मोकळे व्हायचे आणि आमची टाकी रिकामी. वैशालीला सातची शाळा, ती शिकवते. सईचे क्लास. मला फर्स्ट शिफ्ट. रोज सकाळी घरात आदळआपट. मी एकदा दारावर थाप मारून ओरडलोही होतो, "अण्णा, घरात अजून माणसं आहेत!" तेव्हा नळ लगेच बंद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दिवाळी झाली आणि अण्णांच्या खोलीत भिंतीच्या पायथ्याशी ओल आली. तिथली फरशी पायाला कोमट लागायची. मी काशिनाथला बोलावलं. काशिनाथ मूळचा पेठ तालुक्याकडचा, प्लंबर. तरुणपणी अण्णांच्या हाताखाली रोजंदारीवर खड्डे खणायचा, काम त्यांच्याकडूनच शिकला.

त्याने अनवाणी खोलीभर फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "साहेब, लाईन सडली हाय. जीआय पाइप तसाच कोब्यात गाडलाय, वरून काय गुंडाळलेलं नाय. एक जागा जोडली तर उद्या दुसरी फुटंल. सगळी लाईनच बदला."

"फरशी?"

"फोडावीच लागंल. आठ दिवस धरून चाला."

फरशी दोनच वर्षांपूर्वी बसवलेली, वैशालीने स्वतः निवडलेली. त्यात सईचं बारावीचं वर्ष, घरात ब्रेकर लावायचा? मी विचारलं, दुसरं काही?

"मागचा फाटा प्लग मारून बंद करून टाकतो. बाकी घराला गरम पाणी चालू राहील. मग अण्णांना तेवढं मिळणार नाय."

मी म्हणालो, "टाक."

खोटं कशाला बोलू, गळती सापडली याचा मला आनंद झाला होता. आयतं कारण मिळालं. काशिनाथला बजावलं, अण्णांना यातलं काही सांगायचं नाही, आणि मी ड्युटीवर निघून गेलो. संध्याकाळी अण्णांना सांगितलं, "सोलर बिघडलाय. कंपनीचा माणूस येईल तेव्हा येईल. तोवर सगळ्यांनाच थंड."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच."

"बरं," म्हणाले.

पहिले चार दिवस वैशालीने गॅसवर पातेलं तापवून दिलं. पाचव्या दिवशी अण्णाच म्हणाले, "तुम्ही सगळे थंड घेताय, मग माझ्या एकट्यासाठी गॅस कशाला जाळता? राहू द्या." आम्ही सुटलो! वैशाली एकदा म्हणाली होती, "अहो, बरं दिसत नाही हे." मी म्हणालो, "मग तू पाचला ऊठ आणि तापव."

त्या वर्षी थंडी कडक होती. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ आली म्हणजे समजून घ्या. आणि रोज सकाळी अण्णांचा एक प्रश्न ठरलेला. मी वरच्या बाथरूममध्ये अंघोळ करून टॉवेल गुंडाळून खाली त्यांच्या दारावरून जायचो. अंगातून वाफा निघत असायच्या. ते पलंगावर बसून विचारायचे, "काय रे सुनील, तुम्हालाही थंडच ना?"

"हो अण्णा, आम्हालाही थंडच."

"बरं. जप."

सई तर आमच्यापेक्षा वरचढ. गरम पाण्याने डोकं धुवून यायची आणि आजोबांच्या दारात उभी राहून दात वाजवायची, हुहुहुहु, काय गार पाणी आहे आजोबा! मग स्वयंपाकघरात येऊन तोंडावर हात धरून हसायची. आम्हीही हसायचो... हे लिहिताना लाज वाटते, पण हसायचो. अण्णा तिला म्हणायचे, "डोकं पूस गं लवकर, सर्दी होईल."

जानेवारीत अण्णांना ताप आला, तो छातीत उतरला. दवाखान्यात आठवडा काढला, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. म्हणाले, वय झालंय. हे वाक्य मी पुढे शंभर जणांना ऐकवलं. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांना खाली जमिनीवर घेतलं होतं. मी अंघोळ करून त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फ, माझा नुकताच गरम पाण्यातून आलेला. ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला.

"तुम्हालाही थंडच ना?"

मी म्हणालो, "हो अण्णा."

त्यांनी मनगट सोडलं नाही. बऱ्याच वेळाने मीच सोडवून घेतलं. तासाभरात ते गेले.

सिन्नरहून ताई आली, माझी थोरली बहीण. अंगणात तीन विटा मांडून तिने शेवटच्या अंघोळीचं पाणी तापवलं. पाण्यात बोट घालून मला म्हणाली, "फार कढत नको रे, अण्णांना सोसायचं नाही." तांब्याने ते पाणी मी घातलं. दोन महिन्यांनी त्यांच्या अंगाला गरम पाणी लागलं. ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आता इथून पुढचं.

अंत्यसंस्कार उरकून अमरधामहून आल्यावर सगळ्यांनी अंघोळी केल्या. चुलतभाऊ बाथरूममधून बाहेर आला, "सोलर भारी आहे रे तुमचा, चटका बसला." मग मी गेलो. नळ सोडला, पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि श्वासच अडकला. बर्फ! वाटलं, एवढी माणसं, टाकी संपली असेल. दुसऱ्या दिवशीही थंड. तिसऱ्या दिवशीही. वैशालीला थंड, सईला थंड. अंग लाल होऊन चुरचुरायचं, ते गारठ्यानेच असं वाटलं. ताई मात्र म्हणे, "मला तर छान गरम आलं." मला वाटलं, सुतकाचं घर, नको तक्रार म्हणून बोलत असेल.

आमच्याकडे माणूस जिथे गेला तिथे दहा दिवस दिवा ठेवतात. जवळ चाळलेलं पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घालतात. दहाव्याला टोपली उचलून बघायचं, पिठात काय उमटलं, पाऊल की पक्ष्याची नखं की आणखी काही. माझ्या मते सगळा खुळचटपणा, मुंगी फिरली तरी नक्षी उमटते. पण ताईपुढे कोण बोलणार? दहाव्याच्या सकाळी तिने टोपली उचलली आणि नुसती बघत राहिली.

पिठात काहीच उमटलेलं नव्हतं. पीठच राहिलं नव्हतं. त्याची उकड झाली होती. ओली, चिकट, गरम. हो, गरम. ताईने बोट लावून काढून घेतलं. आजूबाजूची फरशीही तापलेली, अण्णा निजले होते तेवढीच, एक माणूस आडवा मावेल एवढी.

"पाणी कुणी सांडलं इथं?" तिने विचारलं. कुणीच नाही.

मी मात्र निश्चिंत झालो. कारण सापडलं होतं. लाईन पुन्हा फुटलीय, गरम पाणी सगळं जमिनीत चाललंय, म्हणून आम्हाला थंड येतंय. साधा हिशेब! तेरावं झाल्यावर ताई गेली आणि मी काशिनाथला फोन केला.

तो आला, पण खोलीच्या उंबऱ्याशीच थांबला. म्हणाला, "साहेब, हा फाटा तर मीच बंद केला ना. यात पाणी यायलाच जागा नाय."

"प्लग गळत असेल."

त्याने आधी प्लग उघडून तपासला. ठणठणीत. मग ब्रेकर लावला. वैशालीची फरशी फुटली, खाली कोबा फुटला, पाइप दिसला. करवतीने दोन्ही टोकांना कापला. आत पाण्याचा थेंब नाही, नुसता गंज, हातावर घेतला तर तपकिरी भुकटी. काशिनाथने पाइपाखाली हात घातला आणि चटकन मागे ओढला. कोबा भाजत होता. तव्यावर हात टेकावा तसा मलाही लागला.

त्याने इकडेतिकडे बघितलं, दाराआडची अण्णांची सळई उचलली, कापलेल्या पाइपावर टेकवली आणि कान लावला. त्याचा चेहरा उतरला. त्याने सळई माझ्याकडे दिली.

मी ऐकलं. आत पाणी चालू होतं. संथ, एका धारेत, बादली भरून वर वाहत असावी तसं. पाइप दोन्हीकडून कापलेला माझ्या डोळ्यांसमोर, त्यातून आरपार उजेड दिसत होता... आणि पाणी वाजत होतं.

काशिनाथ खाली बसला. मान खाली घालून म्हणाला, "साहेब, एक सांगू का? रागवू नका."

"बोल."

"मी फाटा बंद केला त्या दिवशी अण्णा हितंच होते. तुमी सांगितलं व्हतं, बोलू नको. मी नायच बोललो. पण त्यांनी इचारलंच नाय काय. ही सळई घेतली, पाइपाला लावली, ऐकलं. अन् म्हणले, काशिनाथ, प्लग नीट घट्ट कर. टेप दोन वेढे जास्त मार. गळत राहिला तर पोरांना पाण्याचा जोर कमी पडंल."

मी हातातली सळई भिंतीला टेकवली.

"मीच म्हणलो, अण्णा, मी बोलतो सायबांशी, थंडीचं कसं व्हईल तुमचं? तर म्हणले, नको. सुनीलला काय बोलू नको. तो आपणहून सांगंल."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वरच्या बाथरूममध्ये पाणी सुटलं की ते खाली बसून ऐकत असणार, सोलरच्या टाकीतून पाणी उतरतंय, तिघांच्या अंघोळी चालल्यात. आणि नंतर मी वाफाळत दारावरून गेलो की विचारत असणार, तुम्हालाही थंडच ना? मला वाटायचं, म्हाताऱ्याचं रोजचं तुणतुणं. ते रोज मला एक संधी देत होते. दोन महिने, रोज सकाळी एक. शेवटची तर माझं मनगट धरून दिली. आणि मी क्वालिटीचा माणूस, मला एकदाही कळलं नाही.

जुनी लाईन मी पूर्ण उपटून टाकायला लावली. कोब्यातला गज न् गज पाइप बाहेर काढला, भंगारात दिला. नवीन प्लास्टिकची गरम पाण्याची लाईन बाहेरच्या भिंतीवरून उघडी टाकली, डोळ्यांना दिसेल अशी. फरशी नवी बसवली. काम संपल्यावर काशिनाथने वरच्या बाथरूमचा नळ सोडला. बादलीतून वाफा वर आल्या, आरसा धुरकटला.

"आलं बघा! कढत!" त्याने बोट बुडवून झटकलं.

मी बादलीत हात घातला. थंड. हाडापर्यंत जाणारं थंड.

"थंडच आहे की रे."

तो हसला, त्याला मस्करी वाटली. मी हात तसाच ठेवून उभा होतो. मग त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि खसकन बाहेर ओढला. कोपरापर्यंत लालबुंद झाला होता. मी तेव्हाही थंडीने काकडत होतो. दुसऱ्या दिवशी फोड आले. कारखान्यातून थर्मामीटर आणून मोजलं, बादलीत एकसष्ट डिग्री. हे मी मोजलंय, म्हणून लिहितोय.

आता कृपा करून खाली नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मिक्सर, गार पाणी उलट शिरणं असले सल्ले देऊ नका. सगळं बघून झालं. गॅसवर तापवलेलं पाणीही आम्हाला थंडच लागतं. सई मैत्रिणीकडे राहायला गेली, तिथेही थंड. मैत्रीण त्याच नळाखाली मजेत न्हाली. नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. चहा गरम लागतो? लागतो. तवा लागतो? लागतो. फक्त अंघोळीचं पाणी नाही? मग तिघांनाही एकाच दिवसापासून कसं? त्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. वैशालीच्या पाठीवर भाजल्याचे डाग अजून आहेत. आता आम्ही थर्मामीटर बुडवल्याशिवाय अंगावर पाणी घेत नाही. भाजू नये एवढंच बघायचं, ऊब काही मिळत नाही.

मी कबूलही करून बघितलं. नव्या फरशीसमोर बसून मोठ्याने म्हणालो, अण्णा, फाटा मीच बंद केला, सोलर चांगला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या आशेने तांब्या डोक्यावर घेतला. बर्फ. ताईला फोन करून सगळं सांगितलं. तिने फोन ठेवला. पुढे राखीलाही आली नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधणंही मी सोडून दिलंय. खोलीत काही दिसत नाही, कुणी हाक मारत नाही, पाइप नाही म्हणून सळईलाही आता काही ऐकू येत नाही. फक्त ती एक माणूसभर फरशी वर्षभर झालं तरी उबदार आहे, भर थंडीतसुद्धा. खाली काहीही नसताना.

यंदा पुन्हा तशीच थंडी पडलीय. आज सकाळी सई अंघोळ करून खाली आली, ओठ निळे, दात कडकडा वाजत होते. तेव्हा जसं करून दाखवायची ना, अगदी तसंच. अण्णांच्या दाराशी ती क्षणभर थांबली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. तिच्या मागून मी आत गेलो, रोज जातो. त्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो. पाय शेकत होते, वरचं सगळं अंग कापत होतं. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी मी म्हणालो, हो अण्णा, आम्हालाही थंडच.